ताईच्या लग्नात मी नव्हते

डोंबिवलीला आमच्या घरी आई पोळी-भाजी केंद्र चालवायची. केंद्र म्हणजे आमचं स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीचा अर्धा भाग. पहाटे दोन मोठ्या शेगड्या पेटायच्या आणि त्यांचा घूंऽ असा एकसुरी आवाज घरभर पसरायचा. त्यावर पोळपाट-लाटण्याची खडखड, त्यावर कुकर, आणि मदतीला येणाऱ्या दोघी बायका या सगळ्याच्या वरताण बोलायच्या. संध्याकाळी ऑफिसमधून परतणाऱ्या बायका जिन्यापर्यंत उभ्या असायच्या. "काकू, मटकी संपली का? मग फ्लॉवर द्या, आणि पोळ्या जरा मऊ द्या हं." भाजलेल्या कणकेचा वास पडद्यांना, उशांना, माझ्या शाळेच्या गणवेशालाही यायचा. बाबा रंगाच्या कंपनीत होते. त्यांची नखं कधी हळदी पिवळी असत, कधी निळी. कंपनीत त्या वेळी कुठला रंग चालू आहे हे आम्हाला ताटावर बसलं की कळायचं.

मी बहुतेक वेळ मधल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असायचे. तिथे पाठीला गार लोखंड लागायचं आणि शेगडीचा आवाज थोडा बोथट व्हायचा. मी जेवायचे फक्त पोळी, तूप आणि मीठ. भाजीचा रस पोळीला लागला तर ती पोळी माझ्या दृष्टीने संपलेली असायची. कुणी अचानक अंगाला हात लावला तर मला भाजल्यासारखं व्हायचं. माणसं बोलताना तोंडाने एक सांगतात आणि चेहऱ्याने दुसरंच, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही त्याचा उपयोग करता आला नाही. आई म्हणायची, "हट्टी आहे, दुसरं काही नाही." बाबा म्हणायचे, "मोठी झाली की सुधारेल." शाळेतल्या मुली काय म्हणायच्या ते इथे लिहीत नाही.

याला एक नाव आहे हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. ताईच्या नातवाला बोलायला उशीर होत होता म्हणून आम्ही ठाण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. त्यांनी मुलाबद्दल सगळं विचारून झाल्यावर माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मला दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण मला तो कधी पटला नाही. स्वतःत मग्न व्हायला मला सवड कुठे होती? मी तर सदासर्वकाळ त्या शेगड्यांत, लाटण्यांत आणि लोकांच्या बोलण्यात बुडालेली असायचे. असो. त्या काळी नाव नव्हतं, ताई होती.

ताई, म्हणजे वैशाली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने माझ्यावर कुठलं पुस्तक वाचून काही प्रयोग केले नव्हते. तिला एवढंच लक्षात आलं होतं की काय होणार आहे ते आधी सांगितलं तर मी बरी असते. "चितू, आता कुकरची शिट्टी होईल." "आज सिलिंडरवाला येईल, तो सिलिंडर आपटेल, मग जाईल." रस्त्यात ती माझा हात धरायची नाही, माझ्या बाहीचं टोक धरायची. ती सांगायची तसंच व्हायचं. इतरांचं बोलणं मला हवामानासारखं वाटायचं, आज एक, उद्या दुसरं. ताईचं बोलणं भिंतीसारखं होतं, टेकता यायचं.

मी नववीत असताना कल्याणला मामेबहिणीचं लग्न झालं. मंगलाष्टकं मी कान दाबून सोसली, पण शेवटच्या 'सावधान'नंतर एकदम बँड सुरू झाला. असं होणार हे ताईलाही ठाऊक नव्हतं, तिला वाटलं होतं फक्त सनई आहे. मी जेवणाच्या टेबलाखाली शिरले आणि ओरडत राहिले. नवऱ्याकडची एक बाई मला ओढून काढायला आली तेव्हा मी तिच्या मनगटाला चावले. रक्त आलं. घरी येताना रिक्षात आईने एकदा ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तुझं कसं व्हायचं?" मला तो प्रश्न विचित्र वाटला. चावले मी होते आणि व्हायचं ताईचं होतं.

पुढच्या वर्षी ताईसाठी कोपरीचं स्थळ आलं. मुलगा नोकरीत कायम झालेला, वडील नाहीत, आई आणि तो दोघंच. ते लोक बघायला आले तेव्हा मला शेजारच्या काकूंकडे बसवलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, काकूंकडे शांत असायचं. लग्न ठरलं. घरात साड्या आल्या, रुखवताचं सामान आलं. मला सांगितलं होतं की लग्न वैशाखात आहे. तेव्हा माघ चालू होता.

एका गुरुवारी ताईने मला खडवलीला आत्याकडे नेलं. आत्याच्या यजमानांचं, अण्णांचं, स्टेशनाजवळ किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. निघण्याआधी ताईने नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, मग खडवली. आत्याकडे भाकरी असेल, म्हणून आईने पोळ्या बांधून दिल्यात. नदी जवळ आहे, बघायला जाता येईल. "आणि रविवारी सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येते." हे तिने दोनदा सांगितलं. एकदा घरी आणि एकदा आत्याच्या दारात. दुसऱ्यांदा सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. पण मीही कुणाकडे बघून बोलत नसे, त्यामुळे मला ते खटकलं नाही.

आत्याचं घर मला आवडलं. चुलीचा आवाज शेगडीसारखा सलग नसतो, तो तडतडतो आणि थांबतो. आत्या दारात बसून वालाचं बिरडं सोलायची, मला पण सोलायला द्यायची. भिजलेला वाल बोटांत धरून दाबला की सालीतून सुळकन बाहेर येतो. ते काम मी दिवसभर करू शकले असते. भाताची कापणी झालेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या, खाली भातसा नदी, आणि मधूनच जाणारी गाडी. गाडी येण्याआधी रूळ वाजतात, त्यामुळे गाडी कधी दचकवत नाही.

रविवारी सकाळी आत्याने ट्रंक उघडून एक जांभळी साडी काढली. कोरी होती, घडी मोडलेली नव्हती. तिने ती मांडीवर घेतली, काठावरून हात फिरवला आणि परत ठेवून दिली. अण्णा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून सकाळीच कुठेसे गेले. मी माझी पिशवी भरून स्टेशनवर जाऊन बाकावर बसले.

ताई पहिल्या गाडीने आली नाही. दुसऱ्या गाडीनेही नाही. दुपारी आत्या भाकरी घेऊन आली.

"घरी चल गं बाय. ऊन लागेल."

"ताई येणारे."

"येईल ना. येईल तेव्हा येईल. घरी येऊन बस."

"सकाळच्या गाडीने येते म्हणालेली."

"काहीतरी काम निघालं असेल. उद्या येईल."

"उद्या सोमवार आहे."

आत्याने माझा दंड धरला तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की पलीकडच्या फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. मग तिने हात सोडला, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. उन्हं कलली तेव्हा एका गाडीतून अण्णा उतरले. त्यांच्या कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा होता, तेल लावलेल्या केसांत अक्षता अडकल्या होत्या, हातात नारळ आणि बुंदीच्या लाडवाचा पुडा. आम्हाला बघून ते जागच्या जागी थांबले.

मी विचारलं, "अण्णा, ताई कुठाय?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या खाली बघत होती. अण्णांना खोटं बोलण्याचा सराव नसावा. ते म्हणाले, "ताई सासरी गेली, पोरी. लग्न झालं तिचं आज."

मी रडले नाही. उठून त्यांच्या मागून घरी गेले. आत्याने लाडू पुढे केला, तो मी खाल्ला नाही. आत्याने स्वतःही खाल्ला नाही. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न चुकवून ती माझ्यावर लक्ष ठेवायला घरी राहिली होती हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली. तेव्हा मात्र मी बोलणं बंद केलं. लोकांना वाटलं मी रुसले. रुसवा काढता येतो, हे तसं नव्हतं. शब्द आणि ती गोष्ट यांना बांधणारी गाठच सुटली होती. ताईचं 'येते' जर खरं नसेल, तर 'पाणी' म्हटल्यावर पाणीच येईल याची तरी काय खात्री? मी बोट दाखवायचे किंवा स्वतः उठून घ्यायचे. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस मी खडवलीलाच राहिले. पोळ्या केव्हाच संपल्या. मी भाकरी खायला लागले.

मध्ये बाबा आले. अंगणात खाटेवर माझ्यापासून जरा लांब बसले. "ताईला यायचंच होतं गं, पण ऐनवेळी तारीख बदलली," ते म्हणाले. मग म्हणाले, "सासरच्यांनी सोडलं नाही." आणि जाताना म्हणाले, "सगळं तुझ्या भल्यासाठीच केलंय, कळेल तुला." तीन वेगळी कारणं एकाच बैठकीत. त्यांची नखं त्या दिवशी हिरवी होती. ते दुष्ट नव्हते. थकलेले होते, आणि त्यांना वाटायचं की गोड बोललं की माणूस शांत होतो. पुढेही आयुष्यभर ते माझ्याशी गोडच बोलले आणि मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

त्यानंतर काही दिवसांनी ताई आली. एकटीच. अंगावर नवी कडक साडी, हातात कोपरापर्यंत येतील इतक्या हिरव्या बांगड्या. पण त्या वाजत नव्हत्या. तिने दोन्ही हातांच्या बांगड्यांवर रुमाल घट्ट गुंडाळले होते. नव्या नवरीने बांगड्या अशा बांधून यावं हे बघून आत्या म्हणाली, "अगं, हे काय अवलक्षण?" ताईने उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "नदीवर येतेस?" मी पुढे चालायला लागले. ती मागून आली. बाही धरली नाही.

नदीवर एक सपाट खडक होता, तिथे बायका धुणं धूत. आम्ही बसलो. ती पाण्याकडे बघत बोलायला लागली.

"चितू, तुला वाटत असेल आईबाबांनी केलं. आईने नाही केलं, बाबांनी नाही केलं. मी सांगितलं तुला इथे ठेवायला. मीच."

मी पाय वाळूत खुपसले.

"मला भीती वाटली. कल्याणच्या लग्नात झालं तसं झालं तर लग्न मोडेल असं वाटलं. आई म्हणालेली, घरात ठेवू, दार लावून घेऊ. मी म्हटलं नको, ती ओरडेल, सगळ्यांना कळेल. तू माझ्याशिवाय कुणाबरोबर येणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मीच सोडायला आले."

त्या रविवारनंतर मी पहिल्यांदा बोलले. आवाज खरखरीत निघाला. "रविवारी येते म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं, येणार नाहीस?"

"हो."

"दोनदा म्हणालीस."

"हो. दोन्ही वेळा खोटं."

ती रडत होती का, मी पाहिलं नाही. तिने माफी मागितली नाही. माझ्या डोक्यातली कसलीशी घरघर थांबली. इतके दिवस जे तुकडे जुळत नव्हते ते जुळले. तिने सांगितलं ते वाईट होतं, पण ते जसं घडलं तसंच होतं.

मग ती म्हणाली, "सासरी अजून कुणाला माहीत नाहीये. त्यांना सांगितलंय की धाकटी शिकायला आत्याकडे असते. सासूबाई रोज विचारतात, बहीण कधी येणार? मला नाही जमत आता. आज मी त्यांना खरं सांगणार आहे. तू येतेस माझ्याबरोबर?"

"कोपरीला?"

"कोपरीला. डोंबिवलीला उतरायचं नाही, पुढे ठाण्याला जायचं. तिथे टीव्ही मोठ्याने लागतो. सासूबाईंचा आवाज चढा आहे. चिडतील. तुला काहीतरी बोलतील. मला पण बोलतील."

"मग?"

"मग काय होईल मला माहीत नाही."

"तुला परत पाठवतील?"

"पाठवतील, नाहीतर नाही पाठवणार. खरंच माहीत नाही गं."

तोवरच्या आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसाने मला 'माहीत नाही' असं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत असायचं, सगळं नीट होणार असायचं. मी पायाला लागलेली वाळू झटकली आणि म्हणाले, "येते."

कोपरीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार सासूबाईंनी उघडलं. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, हातात निवडायच्या तांदळाचं ताट. ताईने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. "आई, ही चित्रा. माझी बहीण. ती शिकायला नव्हती आत्याकडे. हिला गर्दी, आवाज सहन होत नाही, ओरडते, कधी चावतेही. लग्नात गोंधळ होऊ नये म्हणून मी हिला लपवलं."

आतून टीव्हीचा आवाज येत होता. ताईचे यजमान बाहेर आले, माझ्याकडे आणि मग बायकोच्या रुमाल बांधलेल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे तुझ्या वडिलांनी आम्हाला फसवलं," सासूबाई म्हणाल्या.

"बाबा बोलले, पण ठरवलं मी."

"तुला लाज नाही वाटली? पाठच्या बहिणीला?"

"वाटली. म्हणून आणलं."

सासूबाई खरंच चढ्या आवाजात बोलायला लागल्या. उद्या मुलं झाली आणि तशीच निघाली तर, लोकांना काय सांगायचं, आम्ही काय म्हणून गप्प बसायचं. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली होती तसंच सगळं चाललं होतं, त्यामुळे मी ओरडले नाही. कान दाबून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. "आणि तू गं? तुला नक्की काय होतं?"

मी म्हटलं, "तुमचा पंखा कुरकुरतो. त्याने डोळ्यांच्या मागे दुखतं."

त्यांनी वर पाहिलं. मग मुलाकडे वळून त्याच चढ्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस? किती दिवस सांगतेय तुला." भावोजींनी पंखा बंद केला, आत जाऊन टीव्हीही बंद केला. बोलणी संपली नाहीत, पण मध्ये जेवणं झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, हात मांड्यांखाली दाबून. त्यांनी सुरुवात केली ती सवयीनेच. "तसं काही नाही हो विहीणबाई, ती खरोखरच खडवलीला शिकायला..."

"मी शिकायला नव्हते," मी म्हणाले. "मी बिरडं सोलत होते."

बाबांची मान खाली गेली ती वर आली नाही. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. आज येते, पण तेव्हा आली असती तरी मी तेच म्हणाले असते. सासूबाईंनी ताटातले तांदूळ चाळवत म्हटलं, "वैशाली, हिला तू घरी सोडून ये. आणि परत ये." या शेवटच्या दोन शब्दांवर ताई खाली बसली.

गोष्ट तिथे गोड झाली असं नाही. सासूबाईंनी आमच्या घरी पाऊल टाकायला फार काळ घेतला. पहिल्या दिवाळसणाला जावई आला नाही. आईने त्याचं खापर ताईच्या डोक्यावर फोडलं, "कशाला गेलीस सांगायला? चाललं होतं ना सगळं?" आणि माझ्या पाठीमागे ती शेजारच्या काकूंजवळ रडली. शेगड्या पहाटे पेटतच राहिल्या. पुढे आईचे गुडघे गेल्यावर ते केंद्र मी हातात घेतलं. मी ते वेगळ्या पद्धतीने चालवते, पण त्याबद्दल इथे नको.

त्या दिवशी ताईने मला डोंबिवलीला आणून सोडलं. आई पोळ्या भाजत होती, तिने मागे वळून पाहिलं आणि परत तव्याकडे वळली. निघताना ताई जिन्यात थांबली. मी विचारलं, "परत कधी येशील?"

ती पटकन काहीतरी म्हणणार होती. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "सांगता येत नाही चितू. सोडतील तेव्हा."

त्यानंतर ती बरेच दिवस आली नाही. मी जिन्याकडे कान लावून बसले नाही, गाड्या मोजल्या नाहीत. एका दुपारी भाज्या संपून घर जरा निवांत झालेलं असताना ती दारात उभी राहिली, घामेजलेली, हातात फ्लॉवरची पिशवी. आई दचकली. मी सरकून तिला बसायला जागा दिली. मला आश्चर्य वाटलं नाही.